न दुखणारा पाय

४ मार्च

चि. बबडीस, अ. उ. आशीर्वाद.

टक्-टक्-टक्. गुरुजींची पट्टी टेबलावर पडायची आणि त्या ठेक्यावर आमचा अख्खा वर्ग कविता म्हणायचा. परवा पायांच्या डॉक्टरापुढे डोळे मिटून पडलो, तर तोच आवाज कानात घुमू लागला. दोऱ्यासारखी तार तो पावलाला टेकवत होता. टेकली की हो म्हणा, म्हणाला. मी ठेक्यात हो म्हणत गेलो, कुठे अडखळलो नाही. तरी पठ्ठ्याने गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलंच! पाय नुसता सुजलाय, गरम लागतो; दुखत तिळभर नाही. मला यात काळंबेरं दिसतं. हाडांचा डॉक्टर ऐकलाय, पण नुसत्या पावलाचा? अर्धवट शिकलेला असणार. तूही तेच शिकतेस म्हणा. सगळं शरीर सोडून शेवटी पायाशीच आलीस! पुढच्या गुरुवारी खालच्या मजल्यावरचा कंपाउंडर येऊन प्लास्टर कापणार आहे.

आजीचे आशीर्वाद. लोभ आटू देऊ नकोस.

तुझे आजोबा

७ मार्च

ती. आजोबांना, सा. न. वि. वि.

कापू नका. आधी सगळ्या शरीराची डॉक्टरकी, मग हाडांची, त्यानंतर पाऊल आणि घोटा. हे अर्धवट नव्हे, वरचं शिक्षण आहे. त्यात पहिला धडाच असा, की न दुखणाऱ्या पायावर विश्वास ठेवू नये. तुमच्यासारख्या मधुमेह्यांच्या पावलाची जाणीव साखरेने जाते. आत हाडं मोडत असतात आणि माणूस खुशाल फिरायला निघतो. तसंच चालत राहिलात, तर पाऊल गमवाल.

खरं सांगू? मला संशय तुमचाच येतोय. ती तार आम्ही मुद्दाम ठेका मोडून टेकवतो, मध्येच टेकवतही नाही. मग तुमचा हो तालात बसलाच कसा? प्लास्टरबाहेरची बोटं आजीकडून तपासून घ्या. आणि डोळे किलकिले करायचे नाहीत!

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची बबडी

गुरुवार

चि. बबडीस, अ. उ. आशीर्वाद.

आजी झाडूची काडी घेऊन बसली. मी डोळे मिटले आणि हो म्हणालो. पुन्हा हो. पुन्हा हो. तेव्हा ती हसत म्हणाली, की अहो, मी अजून चष्माच शोधतेय. मग चष्मा सापडला. नंतर काडी टेकवली म्हणे, टोचलीसुद्धा. मला पत्ता नाही.

जन्मभर ज्यावर उभा राहिलो, तोच पाय खोटी साक्ष देतो म्हटल्यावर भरवसा कुणाचा धरायचा? डॉक्टरावरचा संशय पुरता फिटलेला नाही, पण कंपाउंडरला आल्या पावली परत धाडणार. आजी बाजारात गेलीय. जिन्यात पावलं वाजताहेत, तोच असावा. उठून दार उघडायची खोड जाता जात नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलोय. इथूनच ओरडलो, की दार नुसतं लोटलंय, आत ये, पण करवत बाहेरच ठेव.

दार उघडलं. कंपाउंडर मान खाली घालून मागे उभा, आणि पुढे, धापा टाकत, तो पायांचा डॉक्टर. म्हणतो, हा माझ्याच दवाखान्यात करवत मागायला आला होता!