दोन कुलुपांचं गोदाम

बाबा, काल आमच्या पतपेढीच्या सभेत एक जण माझ्याबद्दल कुरकुरला, ‘बाई सख्ख्या नातेवाइकालाही तारणाशिवाय कर्ज देऊ देत नाहीत.’ त्याला ती तक्रार वाटत होती. मला तुमची आठवण झाली, म्हणून लिहायला बसले.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी मामांनी कापसातली सरकी काढायच्या आपल्या जिनिंगसाठी विलायतेहून तेलावर चालणारं इंजिन मागवलं. तिथल्या कारखानदाराला वाशीमचे मामा कुठून माहीत असणार? त्याला बँकेचा शब्द हवा होता. तुम्ही बँकेच्या इथल्या शाखेचे एजंट, म्हणजे प्रमुख. तुमच्या शिफारशीवर मुंबईच्या कचेरीने कारखानदाराच्या नावे पतपत्र काढलं: इंजिन मुदतीत जहाजावर चढल्याचा आणि विम्याचा कागद दाखवा, पैसे बँक देईल. मामांनी ते नंतर बँकेला चुकवायचे. न चुकवले तर? म्हणून तुम्ही थोडी रक्कम आधीच भरून घेतलीत, त्यांच्या कापसाच्या गाठी बाजारभावापेक्षा कमी धरून तारण घेतल्यात आणि गोदामाला बँकेचं कुलूप लावलंत. मामा आमच्या स्वयंपाकघरात भाकर मोडत म्हणाले, ‘काहून भाऊजी, मायावर बी भरोसा नाही काय?’ ‘तुमच्यावर हाये,’ तुम्ही म्हणालात, ‘कापसाच्या भावावर नाही.’ आई हसली, मामा हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी त्याच कडीला आपलंही कुलूप ठोकलं. ‘तुमचं एक, मायं एक!’ तुम्ही ते राहू दिलंत.

मग भाव कोसळला. मुंबईहून ते कागद तपासायला तुमच्याकडे आले तेव्हा इंजिन अजून समुद्रात होतं, आणि मामांना ते नको झालं होतं. ‘मुंबईले लिवा, कागदात खोट हाये म्हना. बँक पैसे देनार नाही, इंजिन वापस जाईन.’ माझ्या नागपूरच्या कॉलेजचा खर्च मामा देणार होते. मी दाराआड उभी आहे. तुम्ही कागद पतपत्राशेजारी ठेवता, ओळीवरून बोट फिरवता, पुन्हा फिरवता. खोट सापडली असती तर तुम्हालाही हायसं वाटलं असतं, हे त्या रेंगाळणाऱ्या बोटावरून मला कळतं. मग तुम्ही चष्मा काढता. ‘कागद बराबर हाये.’

जेवताना आईने विचारलं, ‘एखादी खोट काढली असती तं काय बिघडलं असतं? पोरीचा तं इचार करा.’ तुम्ही म्हणालात, ‘आज म्या मेव्हन्यासाठी कागद वापस फिरवला, तं उद्या वाशीमच्या मानसाले विलायतेतून खिळा तरी कोन धाडन?’

बँकेने पैसे दिले. मामांना ते फेडता येईनात, गाठी विकायची वेळ आली. त्यांचं कुलूप तोडण्यापासून तुम्हाला कोणी अडवलं नसतं. तुम्ही तोडलं नाहीत. रोज गोदामापाशी उभे राहून वाट पाहिलीत. अखेर मामा आले, त्यांनी कुलूप काढलं आणि म्हणाले, ‘घ्या. पोरीचं कॉलेज आता तुमीच पाहा.’ बँकेचं काही बुडालं नाही. गाठींच्या विक्रीतून उरलेली रक्कम तुम्ही स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलीत. असा माणूस मी पुढे बँकांत फार शोधला, दिसला नाही.

मी वर्षभर घरी बसले. पुढच्या जूनमध्ये तुम्ही मला नागपूरच्या गाडीत बसवून दिलंत. आज मी तुमच्यासारखीच वागते आणि ते योग्य आहे याची मला खात्री आहे. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. तुम्ही बरोबर होतात, बाबा. तरी ते वर्ष मला हवं होतं.