लेकीच्या वाट्याची खोली

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. अक्षर हलतं ते वयामुळे. त्यावरून मला वेडा ठरवू नये.

१. माझ्या पश्चात घराची पुढची खोली मुलाला, अंगणाकडची मुलीला.

मुलगा विद्यापीठात प्राध्यापक आहे. त्याला शिकवण्यासाठी मी चाळीस वर्षं लोकांचे प्रबंध बांधले. वाटायचं, एवढं वाचणारी माणसं मनानंही मोठी होत असतील. मुलीनं दुसऱ्या धर्मातल्या वायरमनशी लग्न केलं आणि दोघं पाया पडायला आली. तिची आई, जिला सहीसुद्धा येत नव्हती, म्हणाली, "आत या रे, उन्हातून आलात."

मुलानं दार अडवलं. आवाज चढवला नाही. अर्धा तास इतिहास सांगितला, आकडे सांगितले. "आई, हा भावनेचा प्रश्न नाही," म्हणाला. जावई मान खाली घालून ऐकत होता. अडाणी पोरगा असता तर मी कान धरला असता. याच्यापुढे मी हातातलं पुस्तक शिवत राहिलो. मुलगी "येते, बाबा" म्हणून गेली, त्याला अकरा वर्षं झाली.

२. पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभण, सुया मुलीला. जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्या दोऱ्यानं शिवणं, ती नवव्या वर्षी शिकली. तिचा टाका माझ्याहून सरळ. विकलं तरी माझी हरकत नाही.

३. माझी बायको गेली तेव्हा मुलानं मुलीला कळवू दिलं नाही. फोन माझ्या हातात होता, नंबर पाठ होता. मी लावला नाही. हा दोष माझ्या नावावर.

४. मुलीला दारातून परत पाठवल्यावर वाचनालयाचे अध्यक्ष मुलाला "ठाम राहिलात" म्हणाले होते. त्यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये.

५. मुलाला हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बाबा, कोर्टात टिकणार नाही. तुमच्या विसराळूपणाचे डॉक्टरी कागद आहेत माझ्याकडे." मग पांघरूण सारखं केलं, गोळी दिली. रोज तोच मला आंघोळ घालतो. त्यामुळे भांडायलाही तोंड राहत नाही.

मुलीस: खोली नाही मिळाली तर कोर्टकचेरी करू नकोस. तो तुला बोलण्यात हरवेल. ती तुझी होती, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून हा कागद.

आम्हां दोघांदेखत सही केली:
शेजारचे शिंपी (सही)
दूधवाल्या मावशी (अंगठा)

लिहून देणार: बाइंडर (सही)
दिनांक: ३ जुलै
स्थळ: शिंप्यांचं दुकान. घरी लिहिता आलं नाही.