अर्धा पाहिलेला सिनेमा

प्रिय जोव्हेलिन,

सोमवारी तू कुवेतच्या घरकामाच्या करारावर सही करणार, असं तुझ्या मनिलाच्या मावशीने कळवलं. ‘मला धीरच नाही, नर्स काय होणार,’ असं म्हणालीस म्हणे. तेव्हापासून माझी जपमाळ पुढे सरकत नाही. ‘नमो मारिये’ म्हणते आणि पुढचे शब्दच आठवत नाहीत.

तुझ्या नर्सिंगच्या परीक्षेसाठी आपण मायलेकी बसने इलोइलोला निघालो होतो, आठवतं? तुझं डोकं पुस्तकात आणि माझं समोरच्या टीव्हीत. सिनेमातला बंदरावरचा हमाल एक गोळी गिळतो आणि कायद्याची जाडजूड पुस्तकं नुसती चाळून पाठ करतो. मोठमोठे वकील त्याच्यापुढे तत-पप करतात. मी तुला कोपराने ढोसलं, तर म्हणालीस, ‘नानाय, अशी गोळी असती तर कॉलेजं कुणी काढली असती?’ सिनेमा ऐन रंगात आला आणि जारोचा थांबा आला. तुझ्या परीक्षेच्या पेन्सिली तिथल्या चर्चमधल्या मारियामाउलीच्या पायाशी ठेवायच्या होत्या, म्हणून उतरलो. शेवट पाहायचा राहिला.

मुक्काम माझ्या चुलत बहिणीकडे, मनांग पासिंगकडे. तिला मी सिनेमा सांगितला. ती म्हणाली, ‘नऊ दिवस चर्चच्या पायऱ्या झिजवतेस आणि एका गोळीला भितेस? माझा पुतण्या असल्याच गोळ्या खाऊन वकील झाला!’ तिने हातावर एक पुडी ठेवली. मी ती परत केली नाही.

परीक्षेच्या सकाळी मी चंपोराडो केली, कोको घातलेली गोड पेज, सोबत सुकी मासळी. ‘आज कडू लागतेय,’ म्हणालीस. मी म्हटलं, ‘कोको जास्त पडला असेल, खा मुकाट्याने.’ पुढे परीक्षेच्या खोलीत तुझी छाती धडधडली, हात थरथरले, उत्तरांची भलतीच वर्तुळं काळी झाली, आणि तू अर्ध्यातून उठून आलीस. साऱ्या नातलगांसमोर मी म्हणाले, ‘लहानपणापासून भित्रीच आहे ती.’ तू मान खाली घालून ऐकलंस. मी तुला ऐकू दिलं.

गेल्या आठवड्यात मनांगकडे तोच सिनेमा शेवटापर्यंत पाहिला. हमालाचे हात कापत होते, त्याला आईचं नाव आठवत नव्हतं, आणि गोळी देणारेच त्याच्या जिवावर उठले होते. मी मनांगला पुडीचं विचारलं, तर हसून म्हणाली, ‘अगं, कसला वकील! दोनदा नापास झालाय. त्या वजन उतरवायच्या गोळ्या निघाल्या.’ मी पाद्रींपुढे कबुली दिली. ते म्हणाले, ‘बाई, परीक्षेला देव नव्हता बसला, तुझी पोर बसली होती. तिला सांग.’ म्हणून हे पत्र. दोन गोळ्या कुटून मी तुझ्या पेजेत मिसळल्या होत्या. तुझी चार वर्षांची मेहनत डोळ्यांसमोर असून मी बसमधल्या हमालावर विश्वास ठेवला. आता कुवेतला जायचं की पुन्हा परीक्षेला बसायचं, ते तू ठरव, मला सांगायचं तोंड नाही. पण स्वतःला भित्री समजून सही करू नकोस. त्या सकाळी घाबरली होती ती तुझी आई.

तुझीच,
नानाय