अंगणाखालचा सांधा

कान्हे, मंगळवार, संध्याकाळ

ओटा, अंगणातली शहाबादी फरशी, फरशीखालची संडासाची लाईन. सगळं माझ्या हातचं, एकाही गवंड्याला न विचारता केलेलं. आणि आज आठवडा झाला, संडास तुंबलेलाच.

पुण्याहून आलेल्या माणसाने लाईनीत कॅमेरा सोडला. पडद्यावर एक सांधा उघडलेला, त्यातून चाफ्याची मुळं जटेसारखी आत घुसलेली. चाफाही मीच लावलेला. तो सांधा मी भरला तरी कसा होता?

"काका, मुळं कापतो आणि पाईपाच्या आतून नवं अस्तर फुगवून बसवतो. एक फरशी उचलायची नाही."

"माझ्या कामाला ठिगळ नको. खोदून मीच करीन," मी बोलून गेलो.

तो गेल्यावर पहार घेतली. पहिलीच फरशी हलेना. कंबर धरून खाली बसलो. बायको बादली घेऊन जावेच्या संडासाकडे निघाली होती. "आता त्या चाफ्यालाच इचारा, तुमच्या बायकोनं रोज कुटं जायाचं त्ये," म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढे तो सांधाच.

पैसे घरात होते. तरी त्या पुण्याच्या माणसाला नको म्हणालो. त्याने सांगितलं होतं: एका दिवसाचं काम, अंगण जसंच्या तसं, पंचेचाळीस हजार.