न जळणारं फडकं

बाबा, तुम्ही बोटीवरून आणलेल्या त्या पांढऱ्या फडक्याबद्दल लिहितेय. मी चौथी शिकलेली, चुका काढत बसू नका. इंजिनखान्यात तापलेल्या नळांना गुंडाळायचं कापड ते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या रजेत त्याचा हातभर तुकडा घेऊन तुम्ही सासरी आलात. साडी नाही, चोळी नाही, फडकं. सासूनं नाक मुरडलं. मग तुम्ही चुलीतला निखारा काढून त्याच्यावर ठेवता आणि कापडाला डागसुद्धा पडत नाही. अख्खी वाडी बघायला येते. मी मिरवते. पुढे कित्येक वर्षं त्याच फडक्यानं भाताचं तपेलं उतरवलं. राख लागली की चुलीपुढेच दोन हातांनी झटकायचं. पांढरी धूळ उडायची. लेक तिथंच रांगायची, ती धूळ धरायला हात करायची.

ती आता पन्नाशीला आली. छातीत पाणी झालं, दोनदा काढलं, पुन्हा भरतं. फुफ्फुसावरच्या पडद्याचा कॅन्सर, क्वचित कुणाला होणारा. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या कारखान्यात होतात? ती म्हणाली, "जन्मभर अंगणवाडीत खिचडी वाढली. खिचडीनं होतो का हा?" जीभ माझीच. मग त्यांनी ॲस्बेस्टॉस म्हणजे काय ते सांगितलं. आगीत न जळणारं, जहाजांवर असायचं, धूळ आत गेली की चाळीस वर्षांनीही उठतं. मी फडक्याचं सांगून टाकलं. आता ती माझ्याकडेच आहे. पाठीला उशा लावते, पेज भरवते. चार चमच्यांत तिला धाप लागते, मी वाटी धरून बसते. दुसरं काय करणार?

"आजोबांना ठाऊक नव्हतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, असेल, पण आपल्याला कधी बोलले नाहीत.

बाबा, तुम्ही बोलला होतात. पुढच्या रजेत, दारात विडी ओढत. "पोर हाय समोर. भायेर जाऊन झटक, नायतर भिजव. आमच्या बोटीवर ह्यानंच माणसं खोकतात." मी म्हटलं, विड्या कमी करा, खोकला जाईल. सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मी काही उठले नाही.

परवा तिनं तुमचा फोटो भिंतीवरून काढायला सांगितला. मी स्टुलावर चढून काढला. ट्रंकेत ठेवलाय, हा कागदही तिथंच ठेवते. तिला वाचायला द्यायची हिंमत नाही माझ्यात.