नाकातली शीळ

३ फेब्रुवारी. सकाळ.
शीळ आठवली. बारीक, लांब. सातवीत कविता म्हणताना ऐन करुण ओळीवर माझ्या वाकड्या नाकातून निघाली होती. पन्नास पोरं हसली, पहिल्या बाकावरची ती मुलगी सगळ्यांत जास्त. अठ्ठावन्न वर्षं झाली. बारा तारखेला वर्गाचा मेळावा आहे. ती येणार. मी तीच कविता म्हणणार, शिळेशिवाय. परवा नाकाचं ऑपरेशन.

४ फेब्रुवारी.
नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर बाहेरून छोटा छेद घेणार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तो टाक्यांनी बंद करू की ग्लूनं? टाके काढायला यावं लागतं. ग्लू आपोआप निघतो, पण पथ्य कडक. हात नाही, मलम नाही, मोठ्यानं बोलणं नाही. म्हटलं, पथ्य माझ्या रक्तात आहे. ग्लूच. सूनबाई उगाच खोकली.

६ फेब्रुवारी.
आरशात पाहिलं. चकचकीत रेघ, दोऱ्याचा मागमूस नाही. टाके घालून घेणाऱ्यांची कीव आली. कविता मनातल्या मनात म्हटली.

७ फेब्रुवारी.
मनातल्या मनात वजन येत नाही. बाथरूममध्ये म्हटली, अगदी हळू. शीळ गायब. सूनबाई म्हणाली, बाबा, आवाज जिन्यापर्यंत येतोय. म्हणजे हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत नक्की पोचेल.

८ फेब्रुवारी. दुपार.
रेघ कोरडी वाटते. ओठांना लावायचं तेलकट मलम थोडं लावलं. हे ओठांचं, त्यामुळे पथ्यात बसतं. शिवाय ओठ नाकापासून असे किती लांब?

९ फेब्रुवारी.
सकाळ-संध्याकाळ मलम. ग्लूचं एक टोक सुटलं. जखम वयाला न शोभणाऱ्या वेगानं भरतेय.

१० फेब्रुवारी.
रंगीत तालीम. करुण ओळीवर वरचा ओठ जरा जास्तच ताणला. शर्टवर रक्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, तेलकट मलमानं ग्लू सुटतो, म्हणून तर नको म्हटलं होतं. तीन टाके. वर आठवडाभर तोंड बंद. मी म्हटलं, मी पहिल्यापासून टाक्यांच्याच बाजूचा. सूनबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

१२ फेब्रुवारी. संध्याकाळ.
मेळाव्याला गेलो नाही. असले मेळावे उथळच असतात. कविता पाठ आहे, तेवढं पुरे.

बेल वाजली. सूनबाईनं दार उघडलं. पांढऱ्या केसांची बाई, हातात काठी, हसणं मात्र पहिल्या बाकावरचं. म्हणाली, सगळ्यांच्या कविता ऐकल्या, कोणाचं नाक वाजलं नाही, मजाच आली नाही. तुझी ती शीळ तेवढी ऐकव. टॅक्सी खाली थांबवून ठेवलीय.