बँकेने परत द्यायचं व्याज

सूनबाई,

भाजी गॅसवर झाकून ठेवली आहे, गरम करून जेवून घे. माझी वाट बघू नकोस.

आज पुन्हा बँकेत गेलो होतो. घराच्या कर्जावर त्यांनी जास्तीचं व्याज कापलं होतं, त्याची भरपाई "केव्हाच जमा केली" असं प्रत्येक वेळी मला ठणकावून सांगत होते. आज कळलं, ती त्यांनी आपल्या बंद पडलेल्या जुन्या खात्यावर पाठवली होती. तिथून परत येऊन त्यांच्याकडेच पडून आहे. साहेब म्हणाले, "आजोबा, आता नव्याने अर्ज करा."

एरवी मी भांडलो असतो. आज रविवारचं आठवलं आणि अर्ज घेऊन निघालो. "खातं तू बघतेस, पैसे तूच उचलले असशील," असं शेजारच्या मास्तरांसमोर मी तुला बोललो. तू कप गोळा करून आत गेलीस.

तुझ्यासमोर उभं राहायला लाज वाटते, म्हणून हे लिहितोय. मास्तरांकडे चाललोय. त्यांच्यासमोर बोललो, तर त्यांनाही माझ्याच तोंडून कळू दे, की मी चुकलो.

किल्ली घेतली आहे. मला दार उघडायला तू उठू नकोस.

बाबा